नव्वद पावलं

सातव्या होलला ओढा आहे.
पावसाळ्यात वाजतो, आता मार्चात नुसता चिकचिकतो,
पण चेंडू गिळायला तेवढं पाणी पुरतं.
पलीकडे चढ, चढावर हिरवळ,
हिरवळीत झेंडा, झेंड्यामागे कडा,
आणि कड्याखाली धुक्यात कुठंतरी वाई.

पहिला फटका पडला की
शिरगुप्पे साहेब माझ्याकडे बघतात. किती?
मी पावलांत सांगतो.
पाचगणीच्या या तांबड्या मातीत तेवीस वर्षं
पायांनीच मोजत आलोय.

नवे लोक म्हणतात, पलीकडे जात नसेल
तर निदान काठापर्यंत तरी जाऊ,
उरेल ते कमी उरू दे.
काठापासून झेंडा चाळीस पावलं.
चाळीसला अर्धा हात लागतो
आणि अर्धा हात कुणाच्याच हातात नसतो.
जेवायला दोनच माणसं म्हटल्यावर
लग्नाघरचा आचारी मिठाची मूठ धरून थबकतो,
तसा फटका मध्येच थबकतो. चेंडू ओढ्यात.
शिवाय काठाला उतार, एक पाय पाताळात.

म्हणून मागं थांबायचं, गेळ्याच्या झुडपापाशी.
जमीन तिथं परातीसारखी.
तिथून झेंडा नव्वद,
आणि नव्वद म्हणजे साहेबांचा वेज,
पूर्ण खांदा, डोकं बाजूला ठेवून.

हे पटायला त्यांना दोन हंगाम लागले.
सांगलीचा पाटबंधाऱ्यातला माणूस,
जन्म गेला पाणी अडवण्यात,
आणि इथं पाण्याअलीकडे आपणच अडायचं
म्हटलं की कान लाल.
एका सकाळी सहा चेंडू दिले ओढ्याला.
सातवा खिशात टाकून म्हणाले,
कोंडीराम, कुठं थांबायचं ते इथून पुढं तू सांग.

अकरा वर्षं सांगतोय.

दिवाळीत वेज ऐंशीतच पडला.
मी म्हणालो, वारं. होतं थोडं.
संक्रांतीला पंच्याहत्तर.
पानसुद्धा हलत नव्हतं.

काल मैदान रिकामं झाल्यावर
झेंड्यापासून एकटाच मोजत खाली आलो.
सत्तरला थांबलो.
सपाटी आहे का बघितलं. आहे, एका चटईएवढी,
तिच्यावर म्हशीचा पो, तो पायानं सारला.
पुढं लगेच घसरण.
जोर सरतो तसं माणसाला
काठाच्या अजून जवळ जाऊन थांबावं लागतं,
हे उलटंच निघालं.
मला वाटायचं, वय झालं की लांब राहता येत असेल.

आज त्यांनी आठ नंबर मागितला.
मी सात दिला, आकडा अंगठ्याखाली धरून.
चेंडू दोन टप्पे पळाला, चटईवर बसला.

साहेब तिथवर आले, दम घेतला,
मागं वळून बघितलं.
आपण त्या गेळ्यापाशी थांबायचो ना रे?

गेळा सरकलाय साहेब. औंदा पाऊस लई झाला.

ते बघत राहिले. माझ्याकडे नाही,
ओढ्याकडे,
पातळी किती चढलीय ते बघावं तसे.
मग विचारलं, किती?

नव्वद.

त्यांनी हात पुढं केला. मी वेज दिला.
त्यावर आकडा नाही,
एक अक्षर होतं, तेही झिजलंय.