भट्टीपाशी

घुमटांची कातडी सैल पडली होती.
भाद्रपदात पडतातच. हवाच ओल्या फडक्यासारखी;
बोट मारलं की वाटे,
तोंडात घास असताना कुणी हो म्हणतंय.
चवथ परवावर आली, लाकडं पेट घेईनात.
म्हाबळू म्हणाला, चला पदेराकडं,
या वेळी अख्ख्या शिरोड्यात
गरम जागा ती एकच.

रात्रीचे अकरा. इनास पीठ मळत होता
कोपरापर्यंत पांढरा.
त्याचा भाचा फ्रान्सू फळीवर गोळे मांडत होता.
आम्ही तिघं दारात, घुमटं कुशीला धरून,
आजारी पोरं दवाखान्यात आणावीत तशी.
"ठेवा थंय," इनास म्हणाला, "पण तोंडाजवळ नको.
फुटलं तर माझा देव रागावेल,
तुमचा तर रागावेलच."

आता वाट बघायची होती, एवढंच.
पण वाट बघताना माणसानं बोटं कुठं ठेवायची?
म्हाबळूनं ठेवली तेलाच्या रिकाम्या डब्यावर.
दोन मात्रा, मग तिसरी जरा रेंगाळून,
उंबऱ्यात चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखी.

आणि इनासचा गोळा काठवटीत पडला: थप्प.
उलटला, पुन्हा: थप्प.
त्याला ठाऊक नव्हतं तो समेवर येतोय.
मी सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर चुकला असता.

फ्रान्सूनं पत्रे एकावर एक सरकवले, झालं कांसाळं.
सुलक्षानं,
जिला आम्ही तीन वर्षं नुसत्या झांजा देत आलो,
अर्धं तापलेलं घुमट उचललं,
मागच्या तोंडावर डावा तळवा झाकला, उघडला, झाकला,
आणि मडक्याच्या पोटातून असं काही काढलं
की म्हाबळूनं डबा थांबवून तिच्याकडं पाहिलं,
मग मान हलवून, तिच्या मागून, पुन्हा धरला.

मी वहीवाला. चाली माझ्या वहीत असतात,
तारखेसकट, चुकणाऱ्याच्या नावासकट.
वही खिशात होती. घामानं भिजली.
मी आरतीचं पहिलं पद उचललं, फार वर उचललं,
आणि कुणी खाली ओढलं नाही.

तेव्हा इनासनं हात पुसले, नीट पुसलेच नाहीत,
सांताच्या तसबिरीखालचं व्हायोलिन काढलं.
इगर्जीच्या शाळेत मेस्तानं
छडी आणि सोल्फा एकाच हातानं शिकवलं होतं त्याला.
एक तार नव्हतीच. गजावर पीठ.
तो आमच्या चालीवर चालला नाही,
बांधाला लागून पाण्याची चर जाते तसा गेला,
थोडा खाली, थोडा मागं, त्याच शेताकडं.
"सेगुंद," ओरडला तो, "पयली वाट तुमची!"

किती वेळ, कुणास ठाऊक.
एका जागी सगळे एकदम थांबलो,
ठरलेलं नसताना,
आणि त्या पोकळीत, काठवटीच्या कडेवरून
विसरलेला गोळा आपल्या मनानं घसरला:

थप्प.

सुलक्षा हसत हसत पिठाच्या पोत्यावर बसली.
भट्टीतून करपल्याचा वास.
इनासनं पोर्तुगीजमध्ये एक शिवी दिली,
कोंकणीत तिचा अर्थ सांगितला, आणि काळ्या पोई
आम्हालाच खायला लावल्या, चहात बुडवून.

चवथीला आरती झाली, बरी झाली.
कातडी खणखणीत, मंडपात लोकही पुष्कळ.
सुलक्षा घुमटावर, मी तिच्या डावीकडं.
तिसरी मात्रा मात्र वेळेवर आली. माझीच चूक:
आदल्या दिवशी वहीत ती नीट लिहून ठेवली होती.
थप्प कसा लिहायचा ते न सुचून
तिथं एक गोल काढलाय. रिकामा.

पण त्या रात्रीनंतरच्या सकाळी
पाव तासभर उशिरा आला,
पर्पेतमाय फाटकात उभी, हात कमरेवर,
आणि वळणाच्या अलीकडंच फ्रान्सूचा भोंगा ऐकू आला:
पोंक पोंक,

आणि जरा रेंगाळून,

पोंक.