नाही

जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत असतंच:
निवड झालेल्यांनाच कळवू.
बोगुमिवाने चष्मा पुसून तेही वाचलं,
तरी अर्ज केला. एकेचाळिसावा.

ग्दिनियाच्या मासळी कारखान्यात
सव्वीस वर्षं पत्रव्यवहार तिच्याकडे.
डब्यात काटा निघाला म्हणून चिडलेल्या
एका म्हाताऱ्यालाही दोन पानी उत्तर गेलं होतं,
वर सार्डिनचे आठ डबे.

आता फोन उशाशी.
वाजतो. दंतवैद्य.
वाजतो. बहीण, काकड्यांचा भाव सांगायला.

मार्चात तिने मागची खोली भाड्याने काढली.
सतरा जणांनी विचारलं.
एकाला हो म्हणून झाल्यावर
ती स्वयंपाकघरात बसली, चहा गार होईतो,
सोळा जणांना लिहीत:
खोली गेली.
तुमची सायकल जिन्याखाली मावली असती, खरंच,
पण खोली गेली.

रात्री एकाचं उलट उत्तर आलं:
बाई, हिवाळाभर विचारतोय.
मला नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

ती हसली की काय, कोण जाणे.
फोन मात्र त्या रात्री
तिने उपडा ठेवला.