मूळ देशाचा दाखला

वाटाघाटींची अकरावी फेरी संपल्याचं पेपरात आलं
तेव्हा मुकादमशेठ पेढे घेऊन
बॅलार्ड इस्टेटचे तीन जिने चढून आला.
मी म्हटलं, शेठ, अजून सही व्हायचीय.
सही झाली. त्यानं बर्फी आणली.
मी म्हटलं, त्यांच्या संसदेची मंजुरी राहिलीय.
करार लागू झाला त्या दिवशी मात्र
मिठाई नाही,
काखेत परिशिष्टाची एकशे बारा पानं.
"खवळे, ह्यात माझा डबा कुठाय?"

शोधला.
प्रकरण त्र्याहत्तर, शीर्षक तेवीस:
भाईंदर पूर्वेला ठोकून काढलेला
तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा.
समोर बारीक अक्षरात, शुल्क बारा टक्के,
सात समान हप्त्यांत शून्य.
मला निवृत्तीला चार वर्षं उरलीत.
म्हणजे शून्य काही मी बघत नाही.
मी आपला पाच टक्क्यांपर्यंतचा माणूस.

मग दाखल्याचं काम.
संपूर्ण देशी कोण, त्याची यादी दिलीय:
मीठ, मासळी, खनिजं,
इथेच जन्मून इथेच वाढलेली जनावरं.
बाकी सगळ्यांनी हिशेब द्यायचा.
पस्तीस टक्के भर इथली हवी,
आणि नफा धरायचा नाही, असं तळटीप म्हणते.

पत्रा कोरियाचा.
कडीची तार वसईची.
झाकणातली रबरी रिंग कुठली, शेठला ठाऊक नाही,
मस्जिद बंदरला किलोवर मिळते.
पॉलिशला नसरीन आणि तिची जाऊ,
दिवसाला चारशे डबे;
संध्याकाळी दोघी शिंकरतात ते राखाडी असतं.
हे सारं मी कोष्टकात बसवलं.
एकतीस आले.

"विजेचं बिल धरलंस?"
धरलं.
"गाळ्याचं भाडं?"
तेही.
"माझा बाप ठोके मारून मारून बहिरा झाला, ते?"
त्याला रकाना नाही, शेठ.
नसरीनची मजुरी वाढवा, आकडा वर चढेल.

तो आधी हसला.
मग कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला,
आणि बराच वेळ
पंख्याखाली फक्त बटणांचा आवाज.
पस्तीस पूर्णांक दोन.
नसरीनला कोणी सांगणार नाही
की तिची पगारवाढ
कुठल्या परदेशी राजधानीत
कलम चार, पोटकलम ब मध्ये ठरली होती.

कंटेनर न्हावा शेव्याला गेला.
त्याच आठवड्यात छेडांची फाइल आली, आयातीची.
त्याच देशाहून, त्याच कराराखाली,
पाच कप्प्यांचे डबे, निळ्या झाकणाचे,
आपल्यापेक्षा अकरा रुपयांनी स्वस्त.
दोन्ही फायली माझ्याच टेबलावर,
एकीला लाल नाडी, दुसरीला पांढरी.

मुकादमशेठनं नमुना उचलला.
तळाला टिचकी मारून नाद ऐकला,
कड अंगठ्यानं तपासली.
चांगला होता. तो तसं म्हणालाही.
मग झाकण उघडून
रिंग नखानं उचकटली, ताणली, नाकाला लावली.
"खवळे," तो म्हणाला, "ही मस्जिद बंदरची."

मी बघत होतो संगणकाकडे.
कस्टमचा सर्व्हर सकाळपासून बंद होता.
"चहा सांगू?" मी विचारलं.
"सांग," तो म्हणाला,
आणि रिंग परत बसवू लागला.
ती काही केल्या नीट बसेना.