कुसू

शेडच्या पत्र्याला एक पोचा आहे,
माझ्या कानाच्या उंचीवर.
ब्लॅकवुडचा वाडगा होता तो. म्हणजे, होणार होता.
चकातून सुटला तेव्हा लेथ मिनिटाला नऊशे फेरे घेत होता
आणि मी वाकले होते, पडलेली पेन्सिल उचलायला.

विस्वाल्दिसने लेथ बंद केला.
पेन्सिल माझ्या हातातून काढून स्वतःच्या कानावर खोचली.
मग किटली ठेवली.
त्याला ओरडताना गीव्हस्टनमध्ये कुणी ऐकलेलं नाही,
बोलतानाही फारसं नाही.

चहा संपल्यावर ठोकळा भिंतीकडून आणला, उलटा धरला,
मी कातलेल्या कुसवावरून अंगठा फिरवला.
त्या हाताला अंगठाच आहे, आणि शेजारची दोन बोटं.
उरलेली डोंगरातल्या बोगद्यात,
धरणाच्या कामावर, लाटव्हियातून आला त्याच्या चौथ्या वर्षी.

"लांब," तो म्हणाला. "तळाला टेकलं."

एवढंच.
बाकीचं मला त्या हिवाळ्यात तुकड्यातुकड्यांनी कळलं:
की कुसू चकाच्या तळाला टेकूच द्यायचं नाही,
खाली नखाएवढी पोकळी ठेवायची;
टेकायचं ते वाडग्याच्या खांद्याने,
जबड्यांच्या ओठांवर, सपाट, सगळीकडून सारखं.
मी आपली समजत होते, जितकं खोल तितकं घट्ट.

की चार जबड्यांचं मिळून खरं वर्तुळ
एकाच मापाला होतं.
त्याहून जाड कुसू दिलंत तर ते कवेत घेत नाहीत,
कोपऱ्यांनी चावतात. आठ चावे मोजून घ्या.
की कुसू मुळाशी किंचित बारीक हवं, टोकाशी रुंद,
म्हणजे आवळताना जबडे त्याला आपल्याकडे ओढतात.

आणि चावी कुठे थांबवायची.
हे मात्र मला येत होतं.
एकतीस वर्षं मी ह्युऑन खोऱ्यातली सफरचंदं पेट्यांत भरली;
सैल बसलेलं फळ डागाळतं,
दाबून बसवलेलंही डागाळतं,
फक्त दुसरा डाग पेटी उघडेपर्यंत दिसत नाही.
"मेरिन," चक हलवून बघत तो म्हणाला,
आणि त्या दिवशी माझ्या नावापुढे काहीच जोडलं नाही.

ओलं मर्टल रात्रीत आकसतं.
म्हणून सकाळी शेडमध्ये शिरल्यावर आधी चावी,
पाव फेरा, कधी त्याहून कमी,
मग "लाब्रीत", त्याच्या भाषेतली शुभ सकाळ.
हा क्रम मी एकदाच उलटा केला.

ऑगस्टमध्ये त्याच्या हातून कप पडायला लागले.
पहिल्याचा दोष त्याने साबणाला दिला,
दुसऱ्याचा कपाला.
तिसऱ्या वेळी दोघांनीही खाली पाहिलं नाही,
मी नंतर झाडू मारला, भुशाबरोबर.

तो डुलकी घेत असताना मी कॅलिपर लावला:
अंगठा ते दोन बोटं, अर्धवट मिटलेली.
सेहेचाळीस मिलिमीटर.
पेन्सिल त्याच्या कानावर होती, म्हणून आकडा नखाने
बाकावर कोरला.

वाडगा असो की कप, शेवटी कुसू कापायचं असतं.
तळ घासून इतका साफ करायचा
की कुणी धरलं होतं याची खूण राहू नये;
हौशी लोक तर आधी उलटं करून तेच बघतात.
मी कापलं नाही.
मर्टलच्या कपाखाली तसंच ठेवलं, सेहेचाळीस,
मुळाशी बारीक, टोकाशी रुंद,
जबड्यांचे फिकट वळही न घासता.

त्याने कप हातात घेतला.
बोटं कुसवाभोवती गेली, कपाचा खांदा
अंगठ्याच्या पेरावर टेकला. हलला नाही.
मग, सवयीने,
त्याने कप उलटा करून बघितला.
चहा भरलेला होता.

ओल्या मांडीकडे दोघांनी बराच वेळ पाहिलं.

"लांब," तो म्हणाला,
आणि कप पुन्हा पुढे केला.