ढाळ

पहिली डबी साबणाची होती.
मोहाडीच्या किराणा दुकानातली पिवळी वडी,
भाजीच्या सुरीनं कोपरे मोडलेली.
ती घेऊन मी चार दिवस मंडीत फिरले,
धानाच्या पोत्यात खुपसून पाहिली.
एक हमाल म्हणाला, याच्यानं धान धुवाचे हायेत का?

धानाची ओल सांगणारं यंत्र करायचं होतं.
आतलं सर्किट तयार होतं, काडेपेटीएवढं, हुशार.
त्याला अंग नव्हतं.
पैसे देणाऱ्यांचा बंगळूरहून एकच निरोप:
हातात घेतल्यावर महाग वाटलं पाहिजे.

महाग म्हणजे काय ते मी वहीत लिहिलं.
कोपऱ्याची गोलाई तीन मिलिमीटर, भिंत दोन,
झाकण मिटताना आवाज एकदाच, आणि बुटका.
रंगापाशी वही थांबली.

मोरेश्वर तितीरमारेंनी कागद उलटा धरला, मग सुलटा.
भंडाऱ्याच्या पितळेत तीस वर्षं गेलेली,
गुंड, गंगाळं, समया.
आता तुमसर रोडवर बंद पडलेल्या राईस मिलमध्ये
त्यांची ॲल्युमिनियमची भट्टी.
‘भिंती सरर उभ्या काढल्यास बाई.
अशी डबी साच्यात जाईन, बाहीर येनार नाई.
थोडा ढार दे.’

ते ढार म्हणतात, मी ढाळ.
दीड अंशाचा. डोळ्याला न दिसणारा,
पण साच्याला कळणारा.
मला काटकोन हवा होता. हट्टानं
नागपूरला, हिंगण्याच्या एमआयडीसीत,
आख्ख्या ठोकळ्यातून एक कोरून आणली,
अकरा हजारांची एक डबी.
तितीरमारेंनी ती रुमालावर ठेवली, पाहुण्यासारखी.
‘साजरी हाये. अशा चार हजार
किती वर्सात करशीन?’

त्या रात्री दीड अंश दिला.

साच्याचं पोलाद आलं. त्याची किंमत मी घरी सांगितली नाही.
पहिले दोनशे नग पोकळ निघाले,
कापून पाहिलं तर आत बुडबुडे, जाळीदार पावासारखे.
ते पुन्हा भट्टीत गेले.
धातू रुसत नाही, एवढं एक बरं.
ॲनोडायझिंगनं रंग धरला नाही, डाग पडले,
आणि अनमोला वाघाये, जी कडा घासायची,
म्हणाली, हे त आमच्या चुलीतल्या कोंड्याची राख.
वहीत मी लिहिलं: रंग, कोंड्याची राख.
पावडर कोटिंगवाल्याला नमुना म्हणून
चिमूटभर राखच पाठवली, पुडीत.

मग डिसेंबर. साकोलीकडच्या एका खळ्यावर
पहाटे काचेला धुकं, आतून.
ओल मोजणाऱ्या डबीच्याच पोटात ओल.
मी रबर जाड केलं. स्क्रू चाराचे सहा केले.
धुकं वाढलं.

तितीरमारे बिडी विझवत म्हणाले,
‘पोकर मूठ चहूकडून बंद केली
का भट्टीत फुटते. आमी सुईएवढं भोक ठेवो.
सासाले जागा लागते.’
मी म्हटलं, काका, भोकातून पाणी जाईल.
ते म्हणाले, ते तू पाय. तू शिकलेली.

पाहिलं. पांढऱ्या पापुद्र्याची एक टिकली असते,
वाफ सोडते, थेंब अडवते.
अनमोला ती चिमट्यानं चिकटवते, दिवसाला तीनशे,
आणि आपल्या कपाळाची सरकलेली टिकली
त्याच बोटानं नीट करते.

चार हजारातली कुठलीही उघडून बघा.
आत चार गोल खुणा दिसतील,
साच्यानं ढकलून बाहेर काढल्याच्या, बेंबीसारख्या.
बंगळूरनं विचारलं, घासून टाकता येतील का?
मी म्हटलं, येतील. टाकल्या नाहीत.

साबणाची डबी मिलच्या मोरीवर आहे.
भट्टीवरचे हात रोज तिला धरतात, काळा फेस, मग पांढरा.
परवा उचलली. पातळ झाली आहे,
आणि चारी बाजूंनी
ढाळ आला आहे तिला.
दीड अंशाहून बराच जास्त.