बुटाचं माप

आमच्या मंडळाचं नाटक जत्रेच्या तिसऱ्या रात्री.
मी प्रॉम्प्टर. सदतीस वर्षं विंगेत,
डाव्या हातात वही, उजव्यात टॉर्च,
तोंडात दुसऱ्यांची वाक्यं.

त्या वर्षी नाटक थॉर्नबीचं होतं.
माशेलात दोतोर लोटलीकरांच्या घरी तो भाड्यानं राहायचा.
पोरं त्याला पात्रांव म्हणत.
बांगडे घेताना डोळे तपासून घ्यायचा –
बंदरावरच्या गावचा, बाप मासळीच्या लिलावात कारकून.
एकोणिसाव्या वर्षी हा कोर्टात लघुलेखक.
खटला एका नवऱ्याचा:
बायकोला इस्त्रीनं मारून
त्याच टेबलावर जेवला, ताट धुऊन ठेवलं.
ह्यानं सगळं टिपलं, घड्याळाची टिकटिक सोडून.
ती नंतर नाटकात घातली.

नऊ वर्षं चाललं ते नाटक, लंडनला.
घर झालं, दोन लग्नं झाली, दोन्ही मोडली,
पुढची नाटकं पडली.
एवढं तो हसून सांगायचा, हुर्राकात लिंबू पिळत.
बाई पडदा उघडायच्या आधीच मेलेली.
रंगमंचावर तिचा फक्त एक बूट.

हसून सांगायचा नाही ते हे:
तिची बहीण दर नाताळला पत्र पाठवी. तेच पत्र.
मेव्हिसचा पाय चार नंबरचा. तुमचा बूट सहाचा आहे.
सव्वीस पत्रं, बिस्किटांच्या डब्यात,
ओल धरू नये म्हणून तांदळाच्या पुरचुंडीसकट.
उत्तर एकालाही नाही.

मराठी मी केलं. अडलं ते भाषेपाशी नाही.
तालमीत शाबा म्हणाला, देवाच्या पुढ्यात,
नारळ वाढवलेल्या फळीवर बूट चालायचा नाही.
मग काय ठेवायचं?
पंखा, टोपी, चष्मा – सुचवून झालं.
शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, बाईच ठेवा.

शेवंती केरकर, अंगणवाडीतली.
वाक्य एकही नाही.
तीन अंक कोपऱ्यात बसून वाल सोलायचे.

थॉर्नबी पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत.
शब्द कळत नव्हते, विराम ओळखत होता,
ओठ हलत होते त्याचे.
तिसऱ्या अंकात नवरा पिंजऱ्यात उभा:
"कधी काही बोललीच नाही हो ती मला."
इथं माझ्या वहीत विराम. मोठा.
शेवंतीनं मान वर केली. विंगेत बघितलं, माझ्याकडे.
मी टॉर्च विझवला. का, ते विचारू नका.
"बोलले होते," ती म्हणाली,
आणि पुन्हा वाल.

पार खाज्यांच्या दुकानांपर्यंत सगळं गप्प.

पहाटे पडदे गुंडाळताना तो आला.
ते काय होतं, जिथं तुमची माणसं खोकायची थांबली?
मी सांगितलं. इंग्रजीत ते लंगडं झालं.
त्यानं गोळ्यांच्या पाकिटावर ते आमच्या अक्षरांत लिहून घेतलं,
उलटं धरून पाहिलं.
काय बोलली होती, हे त्यानं विचारलं नाही.
मीही शेवंतीला विचारलेलं नाही, अजून.

मग बराच वेळ फळीकडे बघत राहिला.
हिच्या पायाचं माप काय असेल, म्हणाला.
अनवाणी होती, मी म्हटलं.

रंगभूषावाला पैशांसाठी खोळंबला होता.
मी पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो.
हे टोक त्याच्या हातात दिलेलं,
ते त्यानं सोडलं नव्हतं.