अकरा रेघा

लियाँगबाईंनी वही काढली ती बिस्किटांच्या डब्यातून.
माझगावातल्या त्यांच्या मंडळाची, लाल कापडी बांधणीची,
कडा वाळवीने आधीच वाचून संपवलेल्या.
आले किती, गेले किती,
घराण्यागणिक, वर्षागणिक.
"तू कॉम्प्युटरवाली ना, याचं चित्र काढून दे.
भिंतीवर लावीन. कॅलेंडरचा खिळा आहेच."

एकेक आडनाव शोधताना रात्र झाली.
मी दाखवायचे, त्या मान हलवायच्या,
"हे नव्हे. याचं पोट रिकामं आहे."
मग चार ओळींचा प्रोग्रॅम, एक बटण,
आणि पडद्यावर खांब उभे राहिले तरातरा.
खाली नावांच्या जागी मात्र
□ □ □ □ □
चौकोन. सगळे सारखे.

तांबड्या अक्षरांत सूचना आली:
हे चिन्ह या फॉन्टमध्ये नाही.
सूचनाच, चूक नव्हे. गणित बरोबर होतं.

लियाँगबाई चष्मा वर सरकवून म्हणाल्या,
"ही तर आमच्या चाळीची मागची बाजू. खिडक्या."
मी हसले. त्या नाही.
"बासष्ट साली चौकीतल्या फॉर्मवर
बाबांच्या नावाला असाच डबा आखला होता.
हवालदार म्हणाला, तुमचं आम्हाला लिहिता येत नाही,
इथे अंगठा करा.
बाबांना तीन लिप्या यायच्या.
त्यांनी अंगठा केला."

फॉन्ट उतरवायला चहा दोनदा गरम करावा लागला.
प्रोग्रॅमला त्याचा पत्ता सांगितला,
जुनं लक्षात ठेवलेलं पुसून टाक म्हटलं,
पुन्हा बटण.
पहिल्या खांबाखाली 梁.
त्यांनी ते मोठं करायला लावलं, आणखी मोठं,
अख्ख्या पडद्याएवढं.
"तुळई," म्हणाल्या. "घराची तुळई.
हे पाण्याचे तीन थेंब, तळाशी लाकूड.
अकरा रेघा. मोज."
बोट काचेवर फिरलं तिथे तेलाचा माग राहिला.

नावं आली आणि उणे गेलं.
डाव्या अक्षावर शून्याच्या खाली
उणे दहा, उणे वीस असायला हवं, तिथे
दहाच्या अलीकडे चौकोन, विसाच्या अलीकडे चौकोन.
नव्या फॉन्टला वजाबाकी ठाऊक नव्हती.
"राहू दे की," लियाँगबाई म्हणाल्या.
"गेले ते वजा कुठे झाले?
टोरांटोहून रविवारी फोन येतो,
बोंबील काय भावाने दिले, विचारतात."
मी तरी ती ओळ घातली.
आलेख आहे, त्याने खोटं बोलू नये.
त्यांनी कपबशी उचलली, विसळली, काही बोलल्या नाहीत.

शेवटी तळाशी, बारीक टायपात, माझं नाव.
क्षिप्रा शिर्के. म्हटलं आपल्या अक्षरांत असावं.
उमटलं ते असं, की क लंगडत एकीकडे,
ष वेगळा राहिलेला,
वेलांटी जाऊन पडलेली प च्या डोक्यावर,
रफार खाली उतरून रस्त्यात उभा.
त्यांची अक्षरं आपापल्या खोलीत ताठ,
आमची एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढलेली,
आणि यंत्र म्हणतं, एकेकाने रांगेत या.

"अगं, ऱ्हस्व वेलांटी चुकली तुझी,"
माझगावच्या म्युनिसिपल शाळेत सातवी झालेल्या लियाँगबाई.
"शेट्येबाईंनी छडी काढली असती."

ताडवाडीच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रत, चाळीस रुपये.
तिथेच काउंटरवर त्याचं पेन मागून
त्यांनी माझं नाव खोडलं,
वर सुवाच्य अक्षरांत लिहिलं,
रफार नीट, वेलांटी जिथल्या तिथे.
मग पेन माझ्या हातात.

मीही काढलं त्यांचं, कोपऱ्यात, जीभ बाहेर काढून.
त्यांनी मोजलं.
"दहा झाल्या.
पाण्याचा एक थेंब राहिला."